शहाण्याच्या मापाचं खोगीर

नलू,

“घोड्यावरून पडली का गं?”

तू गेल्याचं कळवलं, तेव्हा एडिसनहून माझ्या मावसबहिणीने फोनवर पहिलं हेच विचारलं. शिकागोहून कुलकर्णीकाकूंनीही तेच. डेन्व्हरच्या मराठी मंडळातल्या निम्म्या लोकांनी विचारलंही नाही, धरूनच चालले. बाईमाणूस, एकटी राहणारी, पन्नाशीला टेकलेली, आणि त्यात घोडा. मग दुसरं काय होणार?

नाही, मी प्रत्येकाला सांगितलं. नलू घोड्यावरून पडली नाही. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. हॉस्पिटलात, कामावर असताना. खुब्याचं हाड मोडलेल्या एका म्हाताऱ्या बाईंना तू वॉकर देऊन कॉरिडॉरमध्ये चालवत होतीस. त्या बाई मला नंतर भेटल्या. म्हणाल्या, “चालता चालता ती थांबली. म्हणाली, जरा बसून घ्या. मागे खुर्ची ओढली, मला धरून बसवलं, वॉकर बाजूला केला. आणि मग भिंतीला टेकून खाली गेली.”

आधी त्यांना बसवलंस, नलू. हे सांगताना माझी मान खाली जात नाही.

राग याचा येतो, की या लोकांना तुझ्याबद्दल एकच गोष्ट माहीत आहे, घोडा, आणि तीही अर्धवट. म्हणून आज ती पूर्ण लिहिते आहे. तुला सगळं ठाऊक आहे, कबूल. पण तू खोगिरावर होतीस आणि मी कुंपणाच्या बाहेर. कुंपणाबाहेरून काय दिसत होतं, ते तुला सांगायचं राहून गेलं.

आपली ओळख माझ्या कंबरेने करून दिली. बीटपासून साखर करणाऱ्या कारखान्यात माझ्या नवऱ्याला, अरविंदला, नोकरी लागली म्हणून आम्ही कोलोरॅडोतल्या या बीटच्या गावात आलो. एका बाजूला बीटची शेतं, दुसऱ्या बाजूला डोंगर, मध्ये गाव. सामान लावताना मी एक खोकं उचललं आणि तिथेच वाकडी झाले. हॉस्पिटलात टेबलावर पालथी पडले होते. मागून कोणी बाई इंग्रजीत म्हणत होती, पाठ सैल सोडा, आता दाबते आहे. दाबलं, आणि माझ्या तोंडून निघालं, “आई गं!”

“आई कशाला? मी आहे ना. पाय सैल सोड.”

मी इतक्या झटक्यात मान वळवली, की कंबर पुन्हा धरली. त्याबद्दल तू मला जी बोलणी दिलीस, ती अस्सल कोल्हापुरी होती. मी नाशिकची; असली बोलणी खायची सवय नव्हती. मी हायस्कुलात गणित शिकवते हे कळल्यापासून तू मला ‘मास्तरीण’ म्हणायला लागलीस आणि माझं खरं नाव मागे पडलं.

घोडा आला तो रॉयमुळे. डोंगराच्या पायथ्याशी त्याचं रँच. गाई, वासरं, घोडी. खांदा निखळला म्हणून तो तुझ्याकडे व्यायामाला यायचा. तू फिजिओथेरपिस्ट आहेस, डॉक्टर नाहीस, हे त्याला कितीदा सांगितलंस, तरी तो तुला ‘डॉक’च म्हणायचा. खांदा बरा झाल्यावर म्हणाला, पैशाखेरीज काय देऊ? तू म्हणालीस, घोड्यावर बसायला शिकव. त्या रविवारी तुझा फोन आला.

“मास्तरीण, मला खाली बसता येत नाहीये.”

“पडलीस?”

“पडते कशाला! दोन तास बसले होते. आता मांड्या माझ्या नाहीत. पुढच्या रविवारी परत जाणार.”

तू गेलीस, आणि जात राहिलीस. कधी कधी मीही गाडी घेऊन यायचे, कुंपणाला टेकून उभी राहायचे. त्याच कुंपणाच्या आत तो तांबडा घोडा होता. आखूड पायांचा, पिंपासारखा रुंद, पाठ टेबलासारखी सपाट. रॉयने तो गुरांमागे पळवायला घेतला होता. त्याला कोणी नाव ठेवलं नव्हतं, नावं मात्र सगळ्यांनी ठेवली होती. खोगीर दिसलं की कान मागे टाकायचा. पोटाखालचा तंग आवळायला गेलं की दात काढून चावायला यायचा. वर बसलं की चार पावलं नीट, आणि मग पाठीची कमान करून उडी. दोन माणसांना त्याने फेकलं होतं. रॉय म्हणाला, “याच्या मनातच खोट आहे. पुढच्या लिलावाला पाठवतो.” तिथून असले घोडे कुठे जातात ते त्याने सांगितलं नाही, आणि आपण विचारलं नाही. आपल्याला कळलं होतं.

त्या दिवशी रॉयच्या मुलीने, जॅनेटने, त्याला मैदानात फिरवून आणलं होतं. जॅनेट गावात शाळेची बस चालवते आणि उरलेल्या वेळात बापाचं रँच. ती खोगीर काढत होती आणि तू जवळ गेलीस. मला आठवतं, तू घोड्याच्या तोंडाकडे बघितलंच नाहीस. पाठीकडे बघत राहिलीस. सगळी पाठ घामाने काळी भिजली होती. फक्त खांद्यांच्या मागे, कण्याच्या दोन्ही अंगांना, तळहाताएवढे दोन कोरडे डाग होते. त्या जागी तांबड्या केसांत पांढरे केस उगवलेले. तू दोन बोटं ठेवलीस, हलकं दाबलंस. घोडा असा खाली दबला, जशी मी तुझ्या टेबलावर दबले होते.

“रॉय, याच्या मनात खोट नाही. याची पाठ दुखते आहे.”

“डॉक, मी जन्मापासून घोड्यांत आहे.”

“आणि मी वीस वर्षं पाठींत आहे.”

रॉय हसला. तो हसला हे त्याचं मोठेपण. दुसरा कोणी असता तर त्याने तुला कुंपणाबाहेर काढलं असतं. तू त्याला समजावलंस, की जिथे सतत जोराने दाबलं जातं तिथे घाम येत नाही. खोगिराचा आतला सांगाडा या घोड्याला अरुंद आहे, तो दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखा धरतो. तंग आवळला की चिमटा घट्ट. मग चावेल नाही तर काय करेल?

“मग एक जाड ब्लँकेट आणखी घालू या खाली,” रॉय म्हणाला.

तू माझ्याकडे वळून मराठीत म्हणालीस, “बघ, खोगीरभरती म्हणतात ती हीच.” आणि त्याला इंग्रजीत म्हणालीस, “बूट लहान होत असेल तर तू दोन मोजे घालतोस का?”

जॅनेट खो खो हसली. रॉयने टोपी मागे सरकवली आणि म्हणाला, “एवढी खात्री असेल तर घेऊन जा त्याला. लिलावात जे मिळालं असतं तेच दे. पण त्याने फेकलं तर माझ्याकडे रडत येऊ नकोस.”

“फेकलं तर मी कशी येणार? तुलाच उचलून आणावं लागेल.”

अशी तू घोड्याची मालकीण झालीस. नाव तिथल्या तिथे ठेवलंस: शहाण्या. सगळं गाव त्याला वेडा म्हणतं ना, मग शहाण्या. रॉयच्या तोंडी ते ‘शानिया’ झालं, पण चाललं.

घरी परतताना मी गाडीत तुझ्यावर चिडले होते. या वयात हाडं मोडून घ्यायची हौस आहे का, असं काहीसं बोलले. तू खिडकीबाहेर बघत होतीस. म्हणालीस, “मास्तरीण, माझ्याकडे रोज अशी माणसं येतात, ज्यांना घरच्यांनी आळशी ठरवलेलं असतं, कुरकुरी ठरवलेलं असतं. दुखतंय का, हे कुणी विचारलेलं नसतं. माणूस निदान तोंडाने सांगू शकतो.” मला तुझा तेव्हा अभिमान वाटला, पण ओठावर आला नाही. गाडी चालवणाऱ्या माणसाने रस्त्याकडे बघावं, असं स्वतःला सांगितलं.

मग खोगीर शोधण्याचे आपले शनिवार सुरू झाले.

डेन्व्हरच्या रस्त्यावरचं ते पहिलं, झगझगीत दुकान. रांगेने खोगिरं मांडलेली, नव्या कातड्याचा वास. तुझी कमी उंची बघून विक्रेत्याने विचारलं, “मुलीसाठी बघताय?” तू म्हणालीस, “घोड्यासाठी बघतेय.” त्याला वाटलं गंमत केली. त्याने एक खोगीर पुढे केलं. मी सांगते नलू, त्याच्यासारखी देखणी वस्तू मी या देशात पाहिली नव्हती. कातड्यावर पानाफुलांची नक्षी, कोपऱ्याकोपऱ्याला चांदीची फुलं. मला एकदम वाटलं, हेच. या गावात सगळ्यांनी वळून बघावं आणि म्हणावं, ही आमची नलिनी.

तू त्यावर बसूनसुद्धा पाहिलं नाहीस. विचारलंस, “आतला सांगाडा किती रुंद आहे?”

“मॅडम, हे सगळ्या घोड्यांना बसतं.”

“सगळ्यांना बसतं म्हणजे कोणालाच नीट बसत नाही,” तू मला म्हणालीस आणि चालायला लागलीस.

मी पार्किंगमध्ये तुझ्याशी भांडले. इतकं सुंदर खोगीर! घोड्यावर घालून तर बघ. तुझं म्हणणं, लाकडी घोडीवर ठेवलेलं खोगीर बघून काय कळणार, त्या घोडीला पाठ कुठे आहे? मग गाडीत बसल्यावर तूच विचारात पडलीस, शहाण्याची पाठ दुकानात आणायची कशी? इथे मात्र माझा उपयोग झाला. शाळेत ड्रॉइंगच्या वर्गात वाकड्या रेघा काढायला एक पट्टी असते, वाकवाल तशी वाकून तशीच राहणारी. ती मी मागून आणली. आपण ती शहाण्याच्या पाठीवर आडवी ठेवून दाबली, अलगद उचलून पुठ्ठ्यावर रेघ मारली, कापलं. खांद्यामागे एक, पाठीच्या मध्यावर एक, मागे एक. शिवाय कण्याच्या कडेने एक लांब. चार पुठ्ठे काखेत मारून दोन मराठी बायका खोगिरांच्या दुकानांत शिरायच्या आणि खोगिरं उलटी करून आत पुठ्ठे बसवून बघायच्या. लोक हसायचे. मला लाज वाटायची, तुला अजिबात नाही.

“किती नाकारशील गं?” एकदा मी कंटाळून म्हणाले. “नवऱ्यांच्या बाबतीतही असंच केलंस तू.”

“म्हणूनच पाठ शाबूत आहे,” तू म्हणालीस, आणि आपण दोघी इतक्या हसलो, की मला गाडी कडेला घ्यावी लागली.

एक खोगीर पुठ्ठ्याला जवळजवळ जुळलं. दुकानदार भला होता. म्हणाला, नेऊन बघा, नाही बसलं तर परत आणा. रॉयच्या अंगणात तू ते खाली ब्लँकेट न घालता नुसतं शहाण्याच्या पाठीवर ठेवलंस. थोडं पुढे ठेवून मागे सरकवलंस, जिथे ते आपोआप थांबतं तिथे थांबू दिलंस, खांद्याचं हाड मोकळं हलेल असं. मग तळहात आत घालून पुढून मागे नेलास. पुढे दाब, मागे दाब, मध्ये हात अगदी मोकळा फिरला.

“पूल झालाय,” तू म्हणालीस. “दोन टोकांवर उभा, मध्ये हवा. माझं सगळं वजन चार जागांवर येणार. नको.”

“थोडंसंच तर आहे,” मी म्हणाले.

“थोडंसं तुला वाटतंय. त्याला रोज वाटणार.”

तेही परत गेलं. उन्हाळा संपत आला होता. तू शहाण्यावर बसत नव्हतीस; नुसतं दोरीने फिरवायचीस, पाठ चोळायचीस, पोट उचलायचा व्यायाम करून घ्यायचीस, जणू तो तुझा सकाळच्या अपॉइंटमेंटचा पेशंट. गावात बोलायला लागले होते, की डॉकने घोडा घेतलाय खरा, पण बसायची हिंमत नाही. माझ्या कानावर आलं. तुझ्याही आलं असणार. तू त्याची पाठ चोळत राहिलीस.

लोरेनचं नाव जॅनेटने सांगितलं. नवरा गेल्यावर त्याचं खोगीर दुरुस्तीचं काम तिने चालवलं होतं. घरामागच्या शेडमध्ये जुनी खोगिरं, आडव्या वाशांवर टांगलेली. तिने पुठ्ठे बघितले आणि हसली नाही. म्हणाली, “अंदाज बरा आहे. पण घोडाच घेऊन या.” मग एका शनिवारी रॉयने ट्रेलर जोडला आणि आपण सगळे शहाण्याला घेऊन तिच्या दारात उतरलो.

तिने शहाण्याभोवती एक फेरी मारली आणि आतून एक खोगीर आणलं. नलू, इतकं कुरूप खोगीर! तेलाने काळं पडलेलं, एका बाजूला लांब ओरखडा, नक्षी म्हणाल तर नाहीच. गुरं दोरीने धरणाऱ्या कोणा माणसाने आयुष्यभर वापरलेलं. पण सांगाडा रुंद होता, आणि खालचं कातडं मागे गोल कापलेलं, म्हणजे शहाण्याच्या आखूड पाठीवर ते कंबरेत खुपणार नव्हतं. तू ते ठेवलंस. हात घातलास. पुढून मागे, मागून पुढे. दुसऱ्या बाजूने पुन्हा. मागे जाऊन वाकून बघितलंस. कण्यावरून आरपार उजेड दिसत होता. समोर खांद्यांमधल्या उंचवट्यावर बोटं घालून पाहिलीस, तिथेही मोकळं होतं. चेहऱ्यावर काही दाखवलं नाहीस, पण मी तुला ओळखते. तुझा श्वास सावकाश झाला होता.

“आता तू बस,” लोरेन म्हणाली. “त्याला बसलं, तुलाही बसायला हवं.” तिने रिकिबीच्या पट्ट्यांना नवीन भोकं पाडली, तुझ्या आखूड पायांसाठी.

तंग आवळायची वेळ आली. जॅनेट नकळत दोन पावलं मागे सरली. रॉयने हातातली सिगारेट विझवली. शहाण्याने कान मागे टाकले, मान वळवली. तू थांबलीस. तंग अर्धाच ओढून नुसती उभी राहिलीस, हात त्याच्या खांद्यावर. त्याने वाट बघितली. दुखायची वाट बघत होता तो. दुखलं नाही. तू आणखी थोडा ओढलास. पुन्हा वाट. मग त्याने मान सरळ केली, जीभ बाहेर काढून ओठ चाटले, आणि एक मोठी, सगळे दात दाखवणारी जांभई दिली.

रॉय पुटपुटला, “मी असं त्याला कधी पाहिलं नाही.”

तू वर बसलीस. ती चार पावलं मला अजून दिसतात, कारण त्या चार पावलांनंतर तो उडी मारायचा. एक, दोन, तीन, चार. पाचवं पडलं. सहावं पडलं. तू लोरेनच्या कुंपणाच्या कडेने एक वळण घेतलंस, मग मोठं वळण, मग तो आपल्या मनानेच दुडक्या चालीवर गेला आणि तू त्याला जाऊ दिलंस. मान खाली, शेपटी सैल. मी कुंपण दोन्ही हातांनी धरलं होतं. रडत होते की नाही ते आठवत नाही. लोरेनने नंतर मला पेपर टॉवेल आणून दिला, म्हणजे रडत असणार.

उतरल्यावर तू सगळ्यांत आधी खोगीर काढलंस. पाठ भिजली होती. सगळी, सारखी. कुठेही कोरडा डाग नाही. “मास्तरीण, बघ,” एवढंच म्हणालीस, मराठीत, आणि माझा हात धरून त्या ओल्या पाठीवर ठेवलास. तेव्हा मी म्हणायला हवं होतं, नलू, मला तुझा फार अभिमान वाटतो. मी म्हणाले, “निदान पॉलिश तरी करून घे ते.”

मोठं झालं ते नंतर, ऑक्टोबरात. रॉयच्या गाई अजून वरच्या कुरणावर होत्या आणि रेडिओवर सांगायला लागले, की आज बर्फ येणार, भरपूर. माणसं कमी पडली. रॉयने तुला विचारलं नाही. तू सकाळीच बूट घालून हजर झालीस. रॉय, जॅनेट, शेजारच्या रँचवरचे दोघे, आणि तू. मी फाटकापाशी गाडीत चहाचा थर्मास घेऊन बसले होते. दुपारनंतर डोंगर दिसेनासा झाला. नुसतं पांढरं. मी स्वतःशी बोलत होते, देवाशीही बोलत होते. मग पांढऱ्यातून आवाज आला, आधी हंबरणं, मग खुरांचा. पाठीवर बर्फ घेतलेल्या गाई एकामागून एक फाटकातून आत शिरल्या. आणि सगळ्यांच्या मागे, मागे रेंगाळणारी वासरं गोळा करत, तू. भुवया पांढऱ्या झालेल्या. शहाण्या असा चालत होता, जणू त्याला हेच करायला जन्माला घातलं होतं.

मी थर्मास उघडून धावले. “आधी त्याची पाठ,” तू म्हणालीस. खोगीर काढून, हातमोजे काढून, गारठलेल्या बोटांनी त्याची सगळी पाठ तपासलीस. कुठे सूज नाही, कुठे दचकणं नाही. मग चहा. रॉय शेजारी येऊन उभा राहिला. त्याच्या स्वतःच्या घोड्याला खोगिराखाली फोड आला होता. तो म्हणाला, “डॉक, उद्या माझ्या घोड्यांच्या पाठी बघशील? सगळ्यांच्या?” तू म्हणालीस, “उद्या नाही, उद्या मी झोपणार. परवा.”

दुसऱ्या वर्षी गावच्या जत्रेतल्या मिरवणुकीत त्यांनी तुला बोलावलं, आणि आपला जो वाद झाला तो अजून संपलेला नाही. मी म्हणत होते, नऊवारी नेस, नथ घाल, घोड्यावर बस. लोकांना दिसू दे. तू भडकलीस. “मी काय चित्ररथ आहे? मी घोड्यावर बसते ती घोड्यावर बसणारी बाई म्हणून.” जीन्स घातलीस, कामाचा शर्ट, आणि ते काळं खोगीर. मी आजही म्हणेन की नऊवारीत तू अप्रतिम दिसली असतीस. पण लोक ज्या टाळ्या वाजवत होते, त्या नऊवारीला नव्हत्या, चांदीच्या फुलांनाही नव्हत्या, हेही मी सांगेन. या वादात तुला एवढंच देईन.

दुसरा वाद त्याहून जुना. कारखाना बंद पडला, अरविंद डेन्व्हरला जाऊ-येऊ लागला, तेव्हापासून मी म्हणत होते, आपण सगळेच इथून निघू या. एडिसनला हॉस्पिटलं आहेत, शाळा आहेत, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आपली दुकानं आहेत. तू एकटी आहेस, तुझं म्हातारपण काय? “शहाण्याला कुठे बांधू? तिथल्या ओक ट्री रोडवर, पार्किंग मीटरला?” तू थट्टेवर न्यायचीस. पण एकदा गंभीरपणे म्हणालीस, “मी एकटी आहे असं तुलाच वाटतं, मास्तरीण.” मला ते लागलं होतं. तू असं का म्हणालीस, ते मी कधी विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात हॉस्पिटलने त्यांच्या हॉलमध्ये तुझ्यासाठी सभा ठेवली. डेन्व्हरहून मंडळाचे लोक गाड्या घेऊन आले, त्यांचा मान मोठा. पण त्यांना आत उभं राहायला जागा मिळाली नाही. खुर्च्या संपल्या होत्या, भिंतीच्या कडेने टोप्या हातात घेऊन लोक उभे होते. तू ज्यांचे गुडघे चालते केलेस ते, खांदे हलते केलेस ते, आणि ज्यांच्या घोड्यांच्या पाठींवरून हात फिरवलास तेही. लोरेन आली होती. खुब्याच्या बाई वॉकर घेऊन आल्या होत्या, स्वतःच्या पायांनी. दाराशी माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एक काकू हळूच म्हणाल्या, “बिचारीचं इथे कोणी नव्हतं ना?” मी त्यांच्या खांद्याला धरून त्यांना हॉलकडे वळवलं फक्त.

तुझ्या भावाचा कोल्हापूरहून फोन आला. रडत होता. घोड्याचं काय ते तुम्हीच ठरवा म्हणाला. ठरवण्यासारखं काही नव्हतं. शहाण्या रॉयकडेच आहे, त्याच्या मापाचं खोगीरही त्याच्याबरोबर. जॅनेट तुझ्याच उंचीची आहे, तिने विचारलं, मी बसू का? मी हो म्हणाले.

काल शाळेतून घरी आले तर तिचा फोन. आवाज रडवेला. म्हणाली, “तो चालतच नाही. दुखत नाहीये त्याला, मी सगळं तपासलं, तिने शिकवलं तसं. तंग शांतपणे बांधू देतो. मी वर बसते, आणि तो नुसता उभा राहतो. काहीतरी ऐकायची वाट बघतो. ती त्याच्याशी काय बोलायची?”

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. तू त्याच्याशी मराठीत बोलायचीस. मला त्यात काही वेगळं वाटायचं कारणच नव्हतं, मी ते ऐकूनही कधी ऐकलंच नव्हतं म्हण ना. तसंच तर आपण बोलतो.

मी गाडी काढून गेले. जॅनेट शहाण्यावर बसली होती, तो खांबासारखा उभा. कुंपणाशी उभं राहून मी तिला शिकवलं. ‘चल रे बाबा.’ ‘हळू.’ ‘थांब.’ ‘शाब्बास.’ तिने माझ्यामागून दोन-चारदा म्हटलं. ‘थ’ तिला येत नाही, ‘टांब’ म्हणते. ‘चल रे बाबा’ म्हणाली, तर शहाण्याचे दोन्ही कान टवकारले. त्याने मान वळवून आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. आणि निघाला. मोठं वळण घेऊन आला. ‘टांब’ म्हटल्यावर थांबलासुद्धा. एवढं तो तिला सांभाळून घेतो. ती खाली वाकून त्याची मान थोपटत म्हणाली, “शाब्बास, शानिया, शाब्बास.”

नलू, तू गेल्यापासून मी फोनवर सगळ्यांना सांगत होते, की या गावात मराठी बोलणारे आता आम्ही नवरा-बायकोच उरलो. ते खरं नाही. जॅनेट आहे. आणि समजणारे धरायचे, तर शहाण्याही आहे.